विद्यापीठात कोणतं काम कुणाकडे? नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात शिकताना अभ्यासापेक्षा टेबलांचीच धास्ती जास्त वाटते. महाविद्यालयाचं कार्यालय म्हणतं, "हे विद्यापीठाचं काम." विद्यापीठाची खिडकी म्हणते, "प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणा." बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात. घोळ होतो तो आपल्या बाजूने, कारण आपण सेवा मागतोय की निर्णय, हे आपलंच ठरलेलं नसतं. गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करून घेणं ही सेवा. नियम तयार आहे, कागद दिले की काम व्हायला हवं. दोन पेपरांच्या मध्ये एक दिवस मोकळा हवा, हा निर्णय. तो खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात नसतो आणि त्याच्याशी तासभर भांडूनही मिळत नाही.

मी आधी संलग्न महाविद्यालयात वर्गप्रतिनिधी होतो, नंतर विद्यापीठाच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. दोन्हीकडे स्वतःचे कमी आणि इतरांचेच अर्ज जास्त फिरवले. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे. याचा कायदेशीर पाया म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे आणि मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली इथली विद्यापीठं आणि एसएनडीटी या सगळ्यांना एकच आहे. लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, नाशिकची मुक्त आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठं, तसंच खासगी आणि अभिमत विद्यापीठं यांचे कायदे वेगळे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पायऱ्या ५, ८ आणि ९ तेवढ्या घ्याव्यात.

१. आपण नेमके कुणाचे विद्यार्थी, ते आधी बघा

पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं, म्हणून सगळं विद्यापीठच करतं असं वाटतं. तसं नसतं.

संलग्न महाविद्यालयात असाल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि मुख्य परीक्षाही त्याचीच. काही सत्रांच्या परीक्षा मात्र विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयच घेतं, आणि त्या पेपरांच्या गुणांचा घोळ तिथेच सुटतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर त्याचं स्वतःचं अभ्यासमंडळ, स्वतःची विद्यापरिषद आणि स्वतःचा परीक्षा विभाग असतो. विद्यापीठ शेवटी पदवी देतं. स्वायत्त महाविद्यालयाचा विद्यार्थी पुनर्मूल्यांकनासाठी विद्यापीठाच्या खिडकीवर उभा राहिला, तर त्याचा दिवस फुकट गेला असं समजा. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात असाल तर विभागप्रमुख हेच तुमचे प्राचार्य, आणि विभागाचं कार्यालय हीच पहिली पायरी.

महाविद्यालय स्वायत्त आहे की नाही, हे प्रवेशाच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. ते माहितीपत्रक फेकू नका. कबूल केलेली फी, सुविधा आणि नियम यांचा पुढे तोच पुरावा ठरतो.

२. एक फाईल आणि तीन क्रमांक

पहिला क्रमांक पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला कायम नोंदणी क्रमांक. आसनक्रमांक दर परीक्षेला बदलतो, पीआरएन बदलत नाही. प्रत्येक अर्जावर तो लिहा. दुसरा, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचा बारा अंकी क्रमांक, जो डिजिलॉकरमधून मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुमची श्रेयांकं याच खात्यात जमा होतात, म्हणून त्यावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळायला हवी. तिसरा म्हणजे मोबाईल क्रमांक आणि ईमेल. प्रवेशाच्या गडबडीत सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला जातो, आणि पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली की तो कॅफेच बंद झालेला असतो. स्वतःचाच टाका, आणि तीन-चार वर्षं सिमकार्ड बदलू नका.

फाईलमध्ये मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र
- मधे वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र
- आधार, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान
- प्रत्येक वर्षाची फीची पावती, परीक्षा अर्जाची प्रत, प्रवेशपत्र, गुणपत्रिका

दुसऱ्या राज्यातून किंवा मंडळातून आलेल्यांनी पात्रता प्रमाणपत्राचं, म्हणजे आधीचं शिक्षण या विद्यापीठाला मान्य असल्याच्या कागदाचं, काम पहिल्याच सत्रात संपवावं. प्रवेश तात्पुरता मिळतो, वर्गही सुरू होतात, कुणी काही विचारत नाही. मग पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या निकालावर 'पात्रता प्रलंबित, निकाल राखीव' असा शेरा येतो आणि तोवर गावाकडच्या मंडळाकडून स्थलांतर प्रमाणपत्र मागवायला उशीर झालेला असतो.

३. फीची पावती वाचा

हे कुणीच करत नाही. पावतीवर शिकवणी शुल्काखाली बारीक अक्षरात पाच-दहा ओळी असतात: जिमखाना, ग्रंथालय, विद्यार्थी विकास निधी, अपघात विमा, वैद्यकीय तपासणी, युवक महोत्सव, आपत्ती व्यवस्थापन. प्रत्येक विद्यापीठात नावं थोडी वेगळी, पण प्रत्येक ओळ म्हणजे तुम्ही पैसे भरलेली एक सेवा. विम्याची ओळ असेल तर विमा कंपनी कोणती आणि दावा किती दिवसांत करायचा, हे विद्यार्थी विकास विभागाला आजच विचारून ठेवा. अपघात झाल्यावर घरच्यांना हे कुणी आपणहून सांगत नाही.

याच विभागाकडे कमवा व शिका योजनाही असते. पुण्यात ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात ठरावीक तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच घेतात आणि जागा मर्यादित असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर करावं लागतं. प्रमाणपत्र हवं असेल तर तासांची नोंदवही स्वतःच्या हातात ठेवा.

दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ मिळतो. मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी मागितलं तर केंद्रप्रमुख हात वर करतात. परीक्षा अर्जासोबतच प्रमाणपत्र जोडून लेखी मागा आणि त्याची पोच घ्या.

४. कोण काय ठरवतं

आता निर्णयांकडे. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण विद्यापीठात काहीही बदलून हवं असेल तर याला वळसा घालून जाता येत नाही.

वरच्या टोकाला कुलपती, म्हणजे राज्यपाल. रोजचा कारभार कुलगुरूंचा, त्यांना मदत प्र-कुलगुरूंची. कार्यालय कुलसचिवांच्या हाताखाली, पैसा वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे, परीक्षा परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे. जुने लोक यांना अजून परीक्षा नियंत्रक म्हणतात. खोलीबाहेरच्या पाटीवर दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

शिक्षकांचा खरा शब्द चालतो तो अभ्यासमंडळात. प्रत्येक विषयाचं एक मंडळ असतं. त्यातले काही प्राध्यापक निवडून आलेले, काही नेमलेले, शिवाय बाहेरचे तज्ज्ञ. पाठ्यक्रमात काय असेल, संदर्भग्रंथ कोणते, पेपराचा आराखडा कसा, हे इथे ठरतं. इथून प्रस्ताव विद्याशाखेकडे जातो. विद्याशाखा चारच आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला एक अधिष्ठाता (डीन). तिथून प्रस्ताव विद्यापरिषदेत, जिथे शैक्षणिक बाबतीतला शेवटचा शब्द असतो. पैसा, नेमणुका, इमारती, शुल्क हे व्यवस्थापन परिषदेकडे. परीक्षेची पद्धत, वेळापत्रक, परीक्षकांच्या नेमणुका हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे.

अधिसभा, म्हणजे सगळे जिला सिनेट म्हणतात ती, यापेक्षा वेगळी आहे. तिथे प्राचार्य, संस्थाचालक, शिक्षक, नोंदणीकृत पदवीधर अशा सगळ्यांचे प्रतिनिधी बसतात. पदवीधरांचेच दहा. वार्षिक अंदाजपत्रक साधारण मार्चमध्ये तिच्यापुढे येतं. सदस्य प्रश्न विचारतात आणि प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. 'वसतिगृहासाठी ठेवलेला निधी खर्च का झाला नाही' हा प्रश्न तुम्ही कार्यालयात विचाराल तर 'बघतो' एवढंच ऐकायला मिळेल. तोच अधिसभेत एखाद्या सदस्याने लेखी विचारला तर आकड्यासह उत्तर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही येतं.

कायद्याने विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षांनाही अधिसभेत जागा दिली आहे. पण परिषद अस्तित्वात आली तर. १९९४च्या कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद केल्या, २०१६च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, २०१९मध्ये तयारी झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या महाविद्यालयात परिषद आहे का, ती कशी तयार झाली, हे प्राचार्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारा मात्र नक्की. कारण महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवांना सदस्य म्हणून जागा आहे, आणि तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. प्रयोगशाळेचं साहित्य, स्वच्छतागृहं, ग्रंथालयाची वेळ, मुलींची खोली हे सगळे विषय तिथले. माझ्या मते सामान्य विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मंडळ हेच, आणि सगळ्यात कमी माहीत असलेलंही हेच.

एक सापळा लक्षात ठेवा. "कुलगुरूंना भेटा, ते लगेच करतील" असा सल्ला सर्रास मिळतो. तातडीच्या प्रसंगी मंडळाच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार कुलगुरूंना आहे, पण तो नंतर त्या मंडळापुढे ठेवावा लागतो. एका वर्गाच्या एका पेपरासाठी तो वापरला जात नाही. भेट मिळालीच तर तुमचा अर्ज शेरा मारून संबंधित विभागाकडेच खाली येतो. त्यापेक्षा तिथे थेट दिलेला लवकर हलतो.

५. अर्ज असा द्या की हरवता येणार नाही

तोंडी विचारणा करा, जरूर करा, त्यातून माहिती मिळते. पण काम लेखी अर्जावरच होतं. अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा. 'प्रति' नंतर व्यक्तीचं नाव न लिहिता पद लिहा. माणसं बदलतात, खुर्ची तिथेच असते. विषयाच्या ओळीत पीआरएन, वर्ग, सत्र आणि नेमकं काय हवं ते. खाली तारखांसह दोन-तीन वाक्यांत घडलेलं. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी. "मी गरीब कुटुंबातला आहे, कृपा करावी" असल्या ओळी टाळा. ज्या नियमाने मागताय त्याचा क्रमांक किंवा परिपत्रकाची तारीख लिहा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक विभागात एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. टेबलावरचे गृहस्थ म्हणतील, "ठेवून जा इथंच, मी बघतो." हसून "पोच तेवढी द्या साहेब" म्हणा. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे दाखवायला हातात काहीच राहत नाही. संलग्न महाविद्यालयाचे विद्यार्थी असाल तर बहुतेक अर्ज प्राचार्यांमार्फत जातात. मग पोच दोन ठिकाणची हवी: महाविद्यालयाची, आणि त्यांनी पुढे पाठवल्याचा जावक क्रमांक. फाईल अडकते ती बहुधा या दोन क्रमांकांच्या मधल्या जागेत. जावक क्रमांक हातात असला की विद्यापीठात फक्त तो सांगायचा. ते रजिस्टर उघडतात आणि दोन मिनिटांत कोणत्या टेबलावर आहे ते कळतं.

प्रवेशद्वाराबाहेर आणि चहाच्या टपरीवर 'काम करून देणारे' भेटतात. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा), पदवी, नावदुरुस्ती, सगळं आठ दिवसांत. त्यांच्याकडे तुमचे मूळ कागद देऊ नका. ते भरतात तोच ऑनलाईन अर्ज तुम्हालाही भरता येतो.

६. परीक्षा विभाग

निम्म्याहून जास्त फेऱ्या इथेच होतात. परीक्षांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करायचं बंधन विद्यापीठावर आहे. ते संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, बदलाची परिपत्रकं तिथेच येतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. दर हंगामात एखादं बनावट परिपत्रक फिरतंच.

*अर्ज भरताना.* विषयांचे संकेतांक एकेक करून तपासा, विशेषतः एटीकेटीचे, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय असतील तर. जुन्या आणि नव्या आराखड्यात एकाच नावाचा विषय दोन संकेतांकांनी असतो. चुकीचा निवडला की पेपर देऊनही गुणपत्रिकेवर अनुपस्थित लागतं. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, आणि मुदत संपायच्या आत परीक्षा विभागाला ईमेल करा.

*निकाल लागला, पण गुण नाहीत.* 'राखीव' म्हणजे कारण आहे: पात्रता, फी, किंवा महाविद्यालयाने अंतर्गत गुण पाठवले नाहीत. 'अनुपस्थित' दिसत असेल आणि तुम्ही पेपर दिला असेल, तर परीक्षा केंद्रावरच्या उपस्थितीपत्रकाची साक्षांकित प्रत हवी. ती केंद्रावरून महाविद्यालयामार्फत मागवा. अंतर्गत गुणांसाठी विद्यापीठात जाणं व्यर्थ आहे. ते भरायचं काम महाविद्यालयाचं.

*गुण कमी वाटतात.* आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकन. बऱ्याच विद्यापीठांत हाच क्रम सक्तीचा आहे. प्रत मिळाल्यावर तीन गोष्टी बघा: एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठावर आलेत का, बेरीज बरोबर आहे का. या तिन्हींपैकी काही सापडलं तर ते लेखी दाखवून द्या. 'उत्तर चांगलं होतं, गुण कमी दिले' एवढ्यावर पुनर्मूल्यांकन ही जोखीम आहे, कारण काही ठिकाणी गुण कमीही होऊ शकतात. नियम वाचून ठरवा. सगळ्याला मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात. गुणपत्रिका हातात पडेपर्यंत थांबणारे हमखास चुकतात. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे, तेव्हा "उत्तरपत्रिका दाखवत नाही" असं कुणी सांगितलं तर ते चालण्यासारखं नाही.

*निकालच लागत नाही.* कायद्यात लिहिलंय की शेवटच्या पेपरापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा. नाही जमलं तर कारणांचा अहवाल कुलगुरूंमार्फत कुलपतींना आणि राज्य शासनाला द्यावा लागतो. हा नियम शोभेचा नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी प्रवेश धोक्यात आले आणि त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तुमचा निकाल ४५ दिवसांपलीकडे गेला असेल तर अर्जात ही मुदत स्पष्ट लिहा. पुढच्या प्रवेशासाठी हवा असेल तर त्या संस्थेचं पत्र जोडा. अशा एकट्यादुकट्या विद्यार्थ्यांचे निकाल परीक्षा विभाग आधी काढून देऊ शकतो, मागितलं तर.

७. शिष्यवृत्ती

राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरला की काम झालं असं समजू नका. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो, तिथल्या लिपिकाने तो पुढे ढकलावा लागतो. दर पंधरवड्याला स्थिती बघा. 'परत पाठवला' असा शेरा आला तर दुरुस्तीला दिवस मोजकेच असतात. पैसे येत नाहीत याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार जोडलेलं खातं वेगळं आणि आपण बघतोय ते वेगळं. बँकेत जाऊन 'थेट लाभासाठी आधार कोणत्या खात्याला जोडलंय' हे विचारा. नूतनीकरण दर वर्षी स्वतंत्र भरायचं.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा आठ लाख. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. तरी "आधी पूर्ण फी भरा, नंतर परत देऊ" असं सांगणारी कार्यालयं भेटतात. हे लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बोलणं बऱ्याचदा बदलतं.

८. तक्रार करायची झाली तर

विद्यापीठ अनुदान आयोगाचे एप्रिल २०२३चे नियम हा तुमचा आधार. प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. प्राध्यापक अध्यक्ष, बाकी सदस्य शिक्षक, एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. जास्तीची फी, मूळ कागद अडवून ठेवणं, माहितीपत्रकात कबूल केलेलं न देणं, वेळेत निकाल न लावणं, शिष्यवृत्तीत दिरंगाई हे सगळं यात बसतं. तक्रार आली की पंधरा दिवसांत समितीकडे जायला हवी आणि समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. पटला नाही तर अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे.

दोन गोष्टी इथे घात करतात. समितीला वगळून थेट लोकपालांकडे गेलात तर अपील परत येतं. आणि निव्वळ गुणवाढीसाठी तिथे दाद मिळत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच ते परीक्षेच्या बाबतीत लक्ष घालतात.

लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे करायची नाही. त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती आहे, मुदत घटनेपासून तीन महिने, आणि योग्य कारण असेल तर ती वाढवून मिळते. तक्रार मागे घ्यायला किंवा 'आपसात मिटवायला' कुणी, अगदी आवडत्या सरांनी सांगितलं, तरी तक्रार लेखी द्याच. रॅगिंगसाठी महाराष्ट्रात १९९९पासून स्वतंत्र कायदा आहे. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते आणि नाव न सांगताही तक्रार घेते. मन थकलं असेल, परीक्षा नको वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

९. उत्तरच मिळत नाही तेव्हा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. कार्यालयाने सेवांची यादी, मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. आपल्या विद्यापीठाचा फलक शोधा, त्याचा फोटो काढा आणि अर्जात ती मुदत नमूद करा.

तरी हललं नाही तर माहिती अधिकार. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर तीस दिवसांत. 'माझं काम का केलं नाही' असं विचारू नका, कारण 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही असं उत्तर येतं. असं विचारा: आवक क्रमांक अमुक, तारीख तमुक, या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी, आणि तो कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता ते कळवावं. माझा अनुभव असा की माहिती यायच्या आधी बऱ्याचदा कामच होऊन येतं. पहिलं अपील तीस दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. मंडळांची इतिवृत्तंही अशीच मिळतात. काही विद्यापीठं ती संकेतस्थळावर टाकतात, तेव्हा आधी तिथे बघा.

१०. नियमच बदलून हवा असेल

समजा, तुमच्या विषयाचा पाठ्यक्रम जुना आहे किंवा दोन अवघड पेपर लागोपाठ येतात. सह्यांची मोहीम आणि घोषणा यांच्या आधी एक साधं काम करा: विषयाच्या अभ्यासमंडळाची यादी संकेतस्थळावरून काढा. तुमच्याच शहरातले, कधी तुमच्याच महाविद्यालयातले एखादे सर किंवा मॅडम त्यात असतात. त्यांना दोन पानी टिपण द्या: सध्या काय आहे, शेजारच्या विद्यापीठात काय आहे, तुम्ही काय सुचवताय. प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी इतकं नेटकं काही दिल्याची सवय नसते, ते आनंदाने पुढे नेतात. वेळापत्रकाचा प्रश्न असेल तर टिपण प्राचार्यांमार्फत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे.

वेळ महत्त्वाची. पुढच्या जूनपासून बदल हवा असेल तर टिपण दिवाळीच्या आसपास पोचायला हवं, कारण अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद हा प्रवास उन्हाळ्याच्या आत व्हायचा असतो. मेमध्ये दिलेलं टिपण एक वर्ष थांबतं. खर्चाचा विषय असेल तर तो अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अधिसभा सदस्यांपर्यंत जायला हवा. सदस्यांच्या गटांना पक्षांचे रंग असतात हे खरं, पण चांगला प्रश्न आयता मिळाला की कुठलाही गट तो विचारतो.

११. बाहेर पडताना

शेवटच्या निकालानंतर लगेच घ्यायचं: उत्तीर्णतेचं तात्पुरतं प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आणि दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. परदेशी जायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचे चार-पाच संच एकदमच मागवा, बंद पाकिटात आणि पाकिटाच्या झडपेवर शिक्क्यासह. फोडलेलं पाकीट चालत नाही. पदवीचा अर्ज दीक्षांत समारंभाच्या आधी स्वतंत्र भरावा लागतो, आपोआप घरी येत नाही. अर्जातलं स्वतःचं आणि आईचं नाव देवनागरीत कसं छापणार ते नीट तपासा. छापून आल्यावर बदलायला राजपत्रापर्यंत जावं लागू शकतं.

आणि पदवी हातात आली की नोंदणीकृत पदवीधर म्हणून अर्ज भरा. पदवीची प्रत, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि नाममात्र शुल्क. अधिसभेतल्या त्या दहा जागांना मतदान करायचा हक्क यानेच मिळतो. मुंबईत २०२४मध्ये ही निवडणूक झाली तेव्हा लाखो पदवीधरांच्या शहरात मतदार यादी काही हजारांचीच होती. बहुतेक मंडळांची मुदत पाच वर्षांची असते आणि नोंदणीची सूचना निवडणुकीच्या बरीच आधी निघते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळीही असेल असं धरू नका, प्रत्येक सूचनेनंतर यादीत नाव तपासा.